स्वतः पाहिले

सुभेदारांना मी ते जिवंत असताना एकदा मारलं. चाळीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर, पांढऱ्या खडूने, वळणदार अक्षरात आणि वर दोन कमळं काढून मारलं.

अक्षर चांगलं असणं हा माझ्या अंगातला एकमेव गुण, आणि त्याच्या जोरावर डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत फळा माझ्या ताब्यात होता. सत्यनारायण, बारसं, हरवलेली किल्ली, सगळं मी लिहायचो. त्या दिवशी सकाळी बँकेत जायला निघालो तर तळमजल्यावर सुभेदारांच्या दारात दोन बांबू, सुतळीचा गुंडा आणि एक कोरं मडकं ठेवलेलं. शेजारी स्टुलावर काकू पदराने डोळे टिपत बसलेल्या. सुभेदार कुठेच दिसेनात. अशा वेळी बाईमाणसाला प्रश्न विचारू नयेत एवढं वळण आईने मला लावलं होतं. मी मान खाली घातली, तसाच फळ्याकडे गेलो आणि खडू उचलला.

गोकुळाष्टमी दोन दिवसांवर होती. मडकं दहीहंडीचं होतं, बांबू मंडपाचे होते. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी नुकतेच डोळ्यांत थेंब घातले होते. आणि सुभेदार सकाळीच वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन गेले होते. हे सगळं चाळीतल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं.

अकराच्या सुमारास सुभेदार परत आले, तेव्हा फळ्याजवळ हार घेऊन पंधरा-वीस माणसं उभी होती.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

एकाच्या हातून हार खाली पडला. सुभेदारांनी चष्मा लावला आणि स्वतःची श्रद्धांजली पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. "‘मृदुभाषी’. खोटं. ‘कुटुंबवत्सल’. ते हिला विचारा. ‘अल्पशा आजाराने’? अरे, मी फौजेतला माणूस, निदान एखादी गोळी तरी लिहायचीस!" मग लोकांकडे वळून म्हणाले, "हार वाया घालवू नका. हंडीला बांधा."

संध्याकाळी मला बोलावणं आलं. आमच्या मजल्यावरची सगळी मंडळी कठड्याला रेलून बघत होती. काकू रागावल्या की मालवणीत उतरायच्या. "मेल्या, माझा कुंकू पुसूक निघालंस काय रे?" त्यांनी दारातच तोफ डागली. सुभेदार मात्र शांत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सिव्हिलियन, मयत कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"मग रिपोर्ट कसला केलास?"

शिक्षा झाली ती अशी. रोज सकाळी सहा वाजता त्यांच्याबरोबर गल्लीत फेरी मारायची. कुठला नळ गळतो, कुठला दिवा गेला, कुठलं झाकण नाही, ते फळ्यावर लिहायचं, पुढे कितवा दिवस तो आकडा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘स्वतः पाहिले’ असं लिहून सही करायची. काम झालं तरी आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओळ पुसायची नाही. शिक्षा किती दिवसांची, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ती अकरा वर्षं चालली.

त्या अकरा वर्षांतच त्यांचं नगरसेवकपद गेलं. एकदाच निवडून आले, दुसऱ्यांदा थोडक्यात पडले. पडले ते स्वतःच्या हट्टाने. चौकात स्वतःचा फोटो लावू द्यायला ते तयारच नव्हते. "फोटो गेलेल्या माणसाचा लावतात," म्हणायचे. समोरच्या उमेदवाराचा फोटो दर विजेच्या खांबावर होता. निकालानंतर आम्ही तोंडं पाडून बसलो तर म्हणाले, "मी दोनदा माजी झालो. माजी सैनिक, माजी नगरसेवक. रिटायर एकदाही झालो नाही. उद्या सहाला ये."

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी नव्हती. ती कुठे गेली, याचं उत्तर ते माणूस बघून द्यायचे. पोरांना सांगायचे, "सीमेवर ठेवून आलोय, लक्ष ठेवायला." स्वतः उमेदवार असताना मतदानाला गेले, तर शाई लावायला बसलेल्या बाई बोट शोधत राहिल्या आणि नियमांचं पुस्तक चाळू लागल्या. सुभेदारांनी मधलं बोट पुढे केलं. "हे घ्या बाई. पहिलं शहीद झालं, आता ह्याची ड्यूटी." मागे रांगेत मी उभा होतो. एवढ्या मोठ्याने हसलो, की पोलिसाने मलाच बाहेर उभं केलं.

तक्रार करताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. एकदा नळाला महिनाभर पिवळं पाणी येत होतं. सुभेदारांनी पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांना घरी बोलावलं, खुर्ची दिली आणि काकूंना म्हणाले, "साहेबांना आपल्या नळाच्या पाण्याचं सरबत दे. लिंबू नको, रंग आहेच." साहेबांनी पेला हातात धरला, त्यात बघितलं, सुभेदारांकडे बघितलं. पेला तसाच राहिला, पण आठवड्याच्या आत पाइप बदलला. साहेबांची बदली होईपर्यंत ते आमच्याकडे चहाला यायचे. मी मात्र चुकून ते सरबत पिऊन टाकलं होतं. दोन दिवस बँकेत रजा टाकावी लागली.

गेल्या वर्षी सुभेदारांची तब्येत उतरली. रुग्णालयात पडल्या पडल्याही ते फोनवर मला ड्यूटी द्यायचे. "दोन नंबर जिन्यासमोरच्या गटाराचं झाकण?" "नाही आलं अजून." "कितवा दिवस?" "आठवा." "स्वतः पाहिलंस?" "हो सुभेदार." "मग ठीक," म्हणून फोन बंद.

नवव्या दिवशी पहाटे ते गेले. मी रुग्णालयात गेलो. त्यांच्याजवळ उभा राहिलो. चेहरा बघितला. डावा हात हातात घेऊन बघितला, बोटं मोजली. चारच होती.

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकली. पहिलं उत्तर आलं ते हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडाचं. दुसरं आलं, "काका, परत?" तिसऱ्याने मडक्याचं चित्र पाठवलं. चूक त्यांची नव्हती. गेली अकरा वर्षं दर गोकुळाष्टमीला चाळ हा किस्सा सांगत होती, आणि सगळ्यात तिखटमीठ लावून मीच सांगत होतो. पण दहा वाजता सुभेदारांना घरी आणणार होते. ज्या माणसाने चाळीतून गेलेल्या प्रत्येकाला शेवटचा खांदा दिला, त्याला न्यायला चार माणसंसुद्धा माझ्यामुळे जमणार नाहीत, या विचाराने मी टॅक्सी पकडून चाळ गाठली.

धावत फळ्याकडे गेलो. कमळं काढली नाहीत. ‘मृदुभाषी’ लिहिलं नाही. लिहिलं एवढंच: सुभेदार आज पहाटे गेले. स्वतः पाहिले. खाली सही केली. त्याखाली झाकणाची ओळ होती. ती पुसायचा मला अधिकार नव्हता. फक्त आठचे नऊ केले.

दूधवाला सायकल थांबवून नेहमीसारखा फळा वाचायला लागला. हसत हसत सुरुवात केली, शेवटच्या दोन शब्दांवर आला आणि सायकलवरून उतरला. त्याने टोपी काढली. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "खरं काय रे?" आणि खालून कुणीतरी ओरडून सांगितलं, "फळ्यावर आहे!"

दहा वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते सरबतवाले इंजिनिअरसाहेब, आता निवृत्त झालेले, हार घेऊन आले. फळ्यावरची झाकणाची ओळ वाचली आणि बाजूला जाऊन कुणाला तरी फोन करू लागले. सुभेदारांना उचलायच्या आत हातगाडीवरून झाकण आलं.

मी जाऊन बघितलं. त्यावर पाय ठेवून बघितलं. परत येऊन ती ओळ पुसली. आणि हातात ते फडकं धरून, आख्ख्या चाळीसमोर, पन्नाशी ओलांडलेला मी हमसून हमसून रडायला लागलो.

काकू दारात बसल्या होत्या, त्याच स्टुलावर. त्यांनी मला जवळ बोलावलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मेल्या, तू कित्याक रडतंस? तुका तर सराव आसा!"