इथे लागेल हिला

वसुधाताईंना लिफ्टची भीती वाटे. पालीची वाटे, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटे, आणि सगळ्यांत जास्त आमच्या सरांच्या केबिनची. नगरच्या आमच्या ऑफिसात त्या रोज चार जिने चढून येत, घोटभर पाणी पीत आणि शिसपेन्सिल उलटी धरून कुणाच्या तरी स्क्रीनवर टेकवत. "इथे लागेल हिला," म्हणत. पेन्सिल पुढे सरके. "आणि इथेही. इथे तर मरेलच बिचारी."

ही बिचारी म्हणजे आम्ही रंगवत असलेली योद्धा. परदेशी कंपन्यांच्या मोबाईल गेमसाठी आम्ही चित्रं करायचो. त्या जगात पुरुष लढायला निघाला की नखशिखान्त पोलादात, आणि त्याच राक्षसाशी लढणाऱ्या बाईच्या अंगावर दोन वाट्या नि एक पट्टा. पोट उघडं, मांड्या उघड्या, कंबर मुठीत मावेल एवढी. आम्ही मुकाट्याने रंगवायचो, कारण तसंच मागवलेलं असे.

ताईंनी आधी शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली होती. चित्र तपासताना त्या साडी सावरून खुर्च्यांच्या मधे खरोखर उकिडव्या बसत, तलवार उपसल्यासारखा हात करत आणि म्हणत, "बघ, या पत्र्यात बसली तर जांघ कापेल." आम्ही हसायचो. "हसा," त्या म्हणत, "पण चिलखत भित्र्या माणसानेच काढावं. शूर माणसाच्या लक्षातच राहत नाही की पोटात आतडी असतात."

आमच्याकडे एक रीत होती. नवीन योद्धा करायची असली की आमच्यातल्याच कुणीतरी केरसुणीची तलवार करून फोटोसाठी उभं राहायचं. त्या फोटोवरून चित्र उठवायचं, चेहराही तात्पुरता तोच ठेवायचा आणि शेवटी बदलायचा. त्या खेपेला मी उभी राहिले, ढगळ पंजाबी ड्रेस घालून. पहिल्या चित्रात गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत होतं. कंपनीचा निरोप आला, कमी करा. केलं. अजून कमी करा. तेही केलं. शेवटी आला तो निरोप सरांनी खुशीत वाचून दाखवला. "चेहरा फार आवडलाय त्यांना. आता त्याला हात लावायचा नाही."

स्क्रीनवर जवळजवळ उघडी बाई उभी होती आणि तिच्या डाव्या भुवईत माझी खाच होती. लहानपणी उसाच्या गाडीवरून पडले तेव्हाची. आमच्या गावी, कोल्हारात, ती खाच बघून मला कुणीही ओळखेल. माझा भाऊ सोमा गावातल्या पोरांबरोबर स्टँडवर बसून हेच असले गेम खेळतो. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मी सरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कोण ओळखतंय! उगाच घाबरू नकोस."

ताई उठल्या आणि स्वतःहून केबिनमध्ये गेल्या. काचेतून मला त्यांचे डोळे दिसत होते, इतके मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते. बाहेर आल्या. "ऐकत नाहीत गं," एवढंच म्हणाल्या.

शेवटची फाईल त्यांच्या हातून जायची. दुपारभर त्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःकडे बघत काहीतरी रंगवत होत्या. मग मला बोलावलं. त्या बाईचं पूर्ण डोकं लोखंडी शिरस्त्राणात बंद होतं, समोर फक्त एक आडवी फट. "अंग झाकू देत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण डोकं झाकू नका असं कुठे कोण म्हणालंय? डोळे तेवढे माझे घातलेत." मग आवाज एकदम खाली गेला. "निम्म्या नगरच्या पोरांना मी शिकवलंय. त्यातलं कुणी ओळखलं तर काय करू गं मी?"

आणि कुणाला न विचारता त्यांनी ती फाईल पाठवून दिली. तेवढा वेळ त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

कंपनीला शिरस्त्राण गूढ वाटलं, आवडलं. पण विचारलं नाही म्हणून सरांनी सगळ्यांसमोर ताईंना झापलं आणि योद्धे काढून घेऊन झाडं-दगड रंगवायला बसवलं. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

गेम आला तेव्हा मी कोल्हारलाच होते. सोमा ओट्यावरून ओरडला, "आक्का, हिकडं ये, बघ!" मी जीव मुठीत धरून गेले. "ही बाई येडी हाय का गं? तोंड झाकलंय आन् बाकी समदं उघडं!"

परसात जाऊन मी ताईंना फोन लावला.

"कुणी ओळखलं?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही हो ताई, तुम्हाला कोण ओळखणार?"

"मला नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला."

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. सोमा अजून तो गेम खेळतो. ती बाई पडद्यावर आली की मी अजूनही आधी भुवईतली खाच शोधते, आणि मग त्या फटीतले डोळे दिसतात. ते माझ्याहून जास्त घाबरलेले आहेत, आणि तरीही ती तिथून हललेली नाही.