तिसरं शहर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवाला सांगायची गरज नाही — त्याच्यासमोरच तर झालं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला हे लिहून सांगायला बसलोय. ओळखीच्या माणसासमोर मी ऐनवेळी विषय बदलतो. चहा मागवतो, हवापाण्याचं काढतो. कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, कागद या टेबलावरून त्या टेबलावर कसा सरकवायचा हे मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही युरोपला जाऊन आलो हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर फोटो आहे. आयफेल टॉवरखाली मी, बायको, माझे थोरले भाऊ आणि वहिनी. दादांच्या डोक्यावर पांढरी टोपी, वहिनींचं नऊवारी आणि त्यावर माझ्या मुलाचं जर्किन. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, भावाला विमानानं फिरवलंत, नशीब लागतं असा भाऊ मिळायला. मी हसतो. काय करणार दुसरं?

दादांचं आधी सांगतो. देवगाव रंगारीला त्यांची शेती. वडील लवकर गेले, मला दादांनीच शिकवलं, औरंगाबादेत — आता संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या तोंडी जुनंच बसलंय — नोकरीला लावलं. त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा. बारावीनंतर ती शहागंजात आमच्या घरी राहून नर्सिंग शिकली. हुशार, हट्टी, थेट बापावर गेलेली. पुढं जर्मनीत हॅम्बुर्गच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळायचं घाटत होतं, तेव्हा दादांचं मन होईना. वहिनींनी दोन दिवस जेवण टाकलं. मीच पुढं झालो. म्हटलं, जाऊ द्या पोरीला, जबाबदारी माझी. दादा म्हणाले, "तुझ्या हवाली केली बघ, शिवा."

तीन वर्षांनी तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. आई-बापाला न विचारता. दादांनी तिचं नाव टाकलं. तिनंही त्यांना फोन केला नाही. नऊ वर्षं! वर्षातून एकदा, दिवाळीला, तिचा फोन मला यायचा. मी गावी गेलो की सांगायचो, बरी आहे. दादा बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवायचे.

हे झालं सगळ्यांना ठाऊक असलेलं.

मग माझ्या मुलानं पुण्याहून कळवलं — तुम्हा चौघांना मी युरोप दाखवणार, दादाकाका नाही म्हणाले तर तुम्हीही जायचं नाही. दादा आढेवेढे घेतील असं वाटलं होतं. घेतले नाहीत. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नऊ दिवस, तीन शहरं. पॅरिसला विमान उतरणार म्हणून ते पक्कं. बर्फ बघायचा म्हणून स्वित्झर्लंडचं ल्युसर्न पक्कं. क्रांती चौकातला टूरवाला म्हणाला, तिसरं नाव सोमवारपर्यंत द्या. व्हिसाच्या कागदांवर शहरं लिहावी लागतात, मागाहून बदल चालत नाही.

रविवारी आम्ही देवगावला बसलो ठरवायला. माझी बायको म्हणाली, रोम. तिनं टूरवाल्याकडून रंगीत पत्रकं आणली होती. वहिनी भाकरी वाढत होत्या. वाढता वाढता, कुणाकडं न बघता त्या म्हणाल्या, "सुरेखाचं गाव त्याच अंगाला असंल ना हो?"

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मी माझ्या तोंडानं म्हणणार नाय. चिठ्ठ्या टाका. देवानं सांगितलं तर जाऊ."

तुम्हाला कळतंय ना? तो माणूस निघाला होता. नऊ वर्षांचा राग त्याला खाली ठेवायचा होता, फक्त आपण ठेवला असं दिसायला नको होतं. खंडोबानं सांगितलं, मग काय करता — असं म्हणत तो पोरीच्या दारात उभा राहिला असता. वहिनींना ते कळलं. वाढायची भाकरी त्यांनी हातातच धरून ठेवली, मी बघितलं. मी सगळं बघितलं.

आमच्यात चिठ्ठ्या टाकायची रीत साधी आहे. दोन सारखे कागद, एकावर एक गोष्ट, दुसऱ्यावर दुसरी. घडी घालून देव्हाऱ्यापुढं ताटलीत ठेवायच्या, घरच्या बाईनं डोळे मिटून एक उचलायची. उचलली ती उघडायची. दुसरी उघडायची नसते, तशीच विहिरीत सोडायची. विहीर, जमीन, लग्न, सगळं आमच्या घरात असंच ठरत आलं. आणि चिठ्ठ्या नेहमी मीच लिहायचो. अक्षर चांगलं म्हणून. कचेरीतला माणूस म्हणून.

मी दाराआड बसून लिहिल्या. वहिनींनी अंगारा लावला, बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, मग एक उचलली. दादांनी उघडली. त्यांना चौथीपर्यंतचं वाचता यायचं. त्यांनी अक्षराला अक्षर लावून वाचलं — रोम.

दुसरी चिठ्ठी मीच घेतली, मीच विहिरीत सोडली. भिजून तळाला जाईपर्यंत काठावर उभा राहिलो.

तिच्यावरही रोमच होतं.

लिहिलं एकदाचं. आता असं का केलं, तेही सांगायला हवं — आणि ते याहून वाईट आहे.

सुरेखानं न विचारता लग्न केलं नव्हतं. लग्नाआधी तिनं मला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, "काका, आबांना तुम्ही विचारा. ते रागावतील, चालंल. पण ते या म्हणाले तर आम्ही देवगावला येऊन लग्न करू." मी हो म्हणालो. आणि विचारलंच नाही. दोनदा गावी गेलो, दोन्ही वेळा दादांसमोर बसलो, जेवलो आणि परत आलो. "तुझ्या हवाली केली" म्हणणाऱ्या माणसाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. माझ्यावर येईल. भावकीत माझं नाव निघेल. शेवटी मी तिला फोन करून सांगितलं — आबा म्हणतात, आम्हाला तोंड दाखवू नकोस. आणि दादांना सांगितलं — लग्न करून मोकळी झाली, विचारलंसुद्धा नाही. दोन वाक्यं. एक इकडं, एक तिकडं. त्या दोघांत नऊ वर्षं दुसरं काहीही आडवं आलं नव्हतं. मीच होतो.

बाप-लेक समोरासमोर आले असते तर पहिल्या पाच मिनिटांत हे उघडं पडलं असतं. म्हणून रोम.

रोममध्ये एका पडक्या खांबाशेजारी दादा बसले होते. बायको आणि वहिनी फोटो काढायला पुढं गेल्या होत्या. दादांनी विचारलं, "शिवा, हितून ते हॅम्बुर्ग किती लांब?" दोन-अडीच तासांचं विमान. मला पाठ होतं. मी म्हणालो, "लई लांब, दादा." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग बरंच झालं. तिला तरी कशाला तरास?" आणि टोपी काढून पुन्हा नीट घातली. त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. विमानं होती, दिवस होते. कागद बदलत नसतील, पण दादांना तिकडं जाता आलं नसतं तरी ती इकडं आली असती ना धावत! मी त्यांना आइस्क्रीम आणून दिलं.

दोन वर्षांनी दादांना यकृताचा आजार झाला. शेवटच्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "अजून एकदा चिठ्ठ्या टाकाव्या का रं? तिला बोलवायची म्हणून?" आणि मी — मी, ज्यानं देवापुढं खोट्या चिठ्ठ्या ठेवून देवाला फसवलं — मी त्यांना रीत सांगितली. म्हणालो, एकदा कौल झाल्यावर त्याच गोष्टीसाठी देवाला पुन्हा विचारत नसतात. ते म्हणाले, "व्हय. खरंय तुझं." बावीस दिवसांनी गेले. सुरेखाला मी तेरावा उरकल्यावर कळवलं.

आजही गावी गेलो की वहिनी म्हणतात, "देवाच्या मनात नव्हतं, भाऊजी." रोज त्याच देवाला फूल वाहतात. एकदा म्हणाल्या, माझंच काही तरी चुकलं असंल, उचलताना मन थाऱ्यावर नव्हतं, हात दुसरीवर जात होता. मला तेव्हा मरण आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी ताक प्यायलो आणि बसनं परत आलो.

गेल्या महिन्यात सुरेखाचा फोन आला. मी क्रांती चौकात उभा होतो, गाड्यांचा कलकलाट, कानावर हात धरून ऐकत होतो. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काका, एकच विचारते. शेवटी शेवटी आबांनी माझं नाव काढलं का?"

काढलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग बोलावलं का नाही?

मी म्हणालो, "नाही, बाई."

मग ती बरं म्हणाली, आणि विचारलं, आईच्या गुडघ्यांसाठी इथून औषध पाठवू का?

मी म्हणालो, नको, इथं मिळतं.