कूळ लागेल म्हणून

माझं डोकं तसं लवकर फिरतं, आणि थापा मारायची वेळ आली की जास्तच. त्या जुलैत रोज सकाळी टेक्सासात अर्विंगहून प्लेनोला ऑफिसला ड्राइव्ह करताना काकूचा फोन यायचा आणि मी स्टिअरिंगवर बोटं आपटत बसायचो.

काकू नात्यातली नव्हे. मराठवाड्यातलं आमचं चार एकर रान ती आणि तिचा नवरा, आमचे काका, कित्येक वर्षं बटईनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, करत होते. तिचं मागणं एवढंसंच. "पोरा, बटईचा एक कागद सही करून धाड. पीकविमा भरायचाय. सातबारा तुझ्या नावावर, आमाला कोण इचारतंय?"

"बघतो काकू. आत्ता मीटिंग आहे."

कसली मीटिंग न् कसलं काय! मला भीती होती कुळाची. कसणाऱ्याला लिहून दिलं की कूळ लागतं, जमीन हातची जाते, हे घरात जेवताना ऐकत मी मोठा झालो. शिवाय इथली नोकरी व्हिसावर. उद्या हाकललं तर जायला ते रान हवं, असं मीच मला बजावायचो. वकील मित्राला विचारलं तर तो वैतागला, "अरे यार, साध्या करारानं आता तसं काही होत नाही. दे की!" तरी सही करायला हात धजेना.

त्याच आठवड्यात नव्या कंपनीत विम्याचा फॉर्म भरला. दात, डोळे, अपघात, सगळ्यावर टिक. घरातल्या मांजराच्या विम्याचाही एक चौकोन होता. तोही टिक केला. लाज वाटली, पण फॉर्म सबमिट केला.

इकडे पीकविम्याची मुदत संपली. सप्टेंबरात नदी रानात शिरली आणि सोयाबीन मातीसकट खरवडून घेऊन गेली. बातमी कळल्यापासून माझं कशात म्हणून लक्ष लागेना. शेवटी एकदाची सही केली, कागद स्कॅन करून धाडला आणि फोन लावला.

"काकू, कागद पाठवलाय. चुकलंच माझं. थोडे पैसेही पाठवतो."

"पैशे मागितले व्हते का मी?" पलीकडे भांड्यांचा खणखणाट चालला होता. "आन् कागद आता कुणाला दावू? आमी चाकणला आलोय. काका कंपनीच्या गेटवर बसत्यात, मी कँटीनात चपात्या लाटते."

विचारू नये तेच तोंडातून गेलं, "मग रान कोण बघतंय?"

"तुझंच हाय न्हवं?" काकू म्हणाली. "तू बघ."