साबणाची गुडघ्याची वाटी

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला अख्खं हॉस्टेल साबणी म्हणायचं. डॉक्टरकीच्या पाठांतराने डोकं शिणलं, की ती कपड्यांच्या साबणाच्या वड्या कोरत बसायची. कधी कान, कधी मणका. तेवढ्यानेच तिचा चेहरा खुलायचा.

एकदा शरीररचनेच्या सरांना तिच्या हातात इवलासा मणका दिसला. भर वर्गात तो बुटाखाली चिरडून म्हणाले, "बाई, इथे डॉक्टर घडतात, बाहुल्या नाहीत!" तिच्या जागी मी असते तर तिथेच सरांची गचांडी धरली असती. साबणीने फक्त चुरा गोळा केला. खोलीवर आल्यावर म्हणाली, "वचपा काढला नाही, तर साबणी नाव लावणार नाही."

सरांना एक भारी खोड होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ते डोळे मिटून ताटातलं हाड ओळखून दाखवायचे. ताट मांडायचं काम हजेरीतल्या पहिल्या नावाकडे, म्हणजे साबणीकडे होतं. तिने त्याच चुऱ्यात नवी वडी कुस्करून गुडघ्याची वाटी कोरली, चहात रंगवून सुकवली आणि सरांच्या हाताशी येईल अशी ठेवली.

सरांनी डोळे मिटून वाटी चाचपली. "डावा गुडघा. पुरुष. वय चाळीस." परीक्षकांनी कौतुकाने मान डोलावली.

साबणीने टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरांच्या तळहातावर ओतला.

"चोळा, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "या पुरुषाला फेस फार छान येतो."