फळीवरचे बेगल

तासभर खपून मी लाकडी फळी सजवली. मधोमध बेगल, म्हणजे भोकाचे पाव, भोवती स्मोक्ड सॅल्मन माशाचे गुलाबी काप, क्रीम चीज, काकडी, कांदा. "ज्याने त्याने हवं ते घ्या," असं दोनदा सांगितलं. तरी सासरची सहा माणसं रिकाम्या ताटल्या मांडीवर धरून फळीकडे नुसती बघत बसली. माझं डोकं तापायला लागलं.

शेवटी नवऱ्याच्या काकू म्हणाल्या, "अगं, पण वाढणार कोण?" आणि स्वतःच उठून एकेकाला वाढायला लागल्या. दोन मिनिटांत माझी सगळी मांडणी विस्कटली. आपल्याकडे नुसती भूक लागून भागत नाही, कुणाचा तरी आग्रह लागतो, असं मी मनातल्या मनात चडफडत होते.

तेवढ्यात काकू बेगल घेऊन मलाही वाढायला आल्या. "नको, नको," म्हणत मी ताटली पुढे केली.