खुराड्यापाशी हजेरी

भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या अंगाला असलेल्या एका बैठ्या चाळीच्या मागीलदारी रोज संध्याकाळी एक सभा भरत असे. सभेला अध्यक्ष नव्हता, चहा नव्हता, आणि वेळ कोंबड्या ठरवायच्या. दिवसभर उकिरडे धुंडाळून त्या परत येईपर्यंत खुराड्याचं दार उघडं ठेवावं लागतं आणि दारापाशी माणूस बसवावा लागतो. नाहीतर मुंगूस आधी आत जाऊन बसतं. त्या अर्ध्या तासात तीन कोंबडीवाले कपडे धुण्याच्या दगडावर बसून जगाचा कारभार उरकत.

पहिला दशरथ शिगवण. रत्नागिरीकडचा, गिरगावातल्या छापखान्यात एकोणीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. बोलतानासुद्धा दोन शब्दांत मोजून जागा सोडायचा. दुसऱ्या शेजारच्या अनसूयाबाई, पाच कोंबड्या आणि एक जीभ एवढ्यावर संसार ओढणाऱ्या. तिसरा मुर्धा गावचा महिपत. मिठागरावरून घरी जाताना तो इथे टेकायचा. त्याच्या घरी तीस कोंबड्या होत्या, म्हणून या सभेत तो डॉक्टर, वकील आणि हवामान खातं, सगळं एकटाच होता.

सभेत हमखास निघणारा विषय म्हणजे दशरथची मुलगी संचिता आणि तिची शाळा.

संचिता तिसरीत असताना, एक्याण्णव साली, तिला वर्गात फिट आली. बाई घाबरल्या, कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही मूल तिच्याशेजारी डबा खाईना. हेडमास्तरांनी दशरथला बोलावून फार मऊ आवाजात सांगितलं, "नाव काढत नाही मी. पण आता फिट येणार नाही असं डॉक्टरांचं पत्र आणा, मग पाठवा." डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. पण कधीच येणार नाही असं मी लिहून कसं देऊ?" त्याच महिन्यात छापखान्यात ऑफसेट मशीन आलं आणि खिळे जुळवणाऱ्यांना हार घालून घरी पाठवलं. बाप आणि लेक एकाच हंगामात घरी बसले. दशरथची बायको दुर्गा पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला जायची. आता घर तिच्यावर आलं.

दशरथने घरीच शाळा काढली. सकाळी दहाला तो ताटावर चमचा वाजवायचा. पाढे तिसापर्यंत, शुद्धलेखन रोज. पुस्तकं कमी होती, पण छापखान्यातून आणलेल्या रद्द कागदांचा गठ्ठा होता, आणि त्यात भरणा लग्नपत्रिकांचा. पोरीने मामाला पहिलं पत्र लिहिलं ते "आमच्या येथे श्रीकृपेकरून" असं सुरू करून "कृपया आहेर आणू नये" असं संपवलं. मामा दोन दिवस कोड्यात पडला होता. अक्षर मात्र असं, की अनसूयाबाई म्हणायच्या, "हिने वाण्याची यादी लिहिली तर वाणी फ्रेम करून लावेल."

पण पुढच्याच वाक्यात त्या दशरथला धारेवर धरायच्या. "दशरथभाऊ, पाढे काय, पोपटही म्हणतो. पोरीला पोरी पाहिजेत! भांडायला, चिमटे काढायला, चिंचा वाटून खायला. तुमच्या कोंबड्या काय हिच्याबरोबर सागरगोटे खेळणार?"

"वर्गात परत फिट आली तर, अनसूयाताई?"

"आली तर येईल. घरी येत नाही?"

महिपत बिडी विझवत म्हणायचा, "साळंत जाऊन कोनाचा भला झाला? माजी पोरं न्हाय गेली. चांगली मिठावर हायत."

"म्हणूनच तर म्हणते," अनसूयाबाई म्हणायच्या, आणि महिपत बराच वेळ आपल्या तळपायाच्या भेगांकडे बघत बसायचा.

दशरथ ऐकून घ्यायचा. घरच्या शाळेला दाखला नसतो हे त्यालाही कळत होतं. आणि दुपारी शाळा सुटली की संचिता पाढा अर्धा टाकून कुंपणाशी जाऊन उभी राहते, तेही त्याला दिसत होतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात बोक्याने एका कोंबडीचा पाय धरला. संचिताने तिचं नाव लंगडी ठेवलं आणि तीन आठवडे तिला वेगळ्या डालग्याखाली जपलं. पाय भरला तशी दशरथने तिला भर दुपारी इतर कोंबड्यांत सोडली. काल एका ताटात खाणाऱ्या त्या बाया तिच्यावर तुटून पडल्या. डोक्याची सालटं निघाली.

महिपत कपाळावर हात मारून म्हणाला, "दिवसाउजेरी कोंबरी सोरतंस? येरा का काय रं तू? काळोख परला का गपचूप दांडीवर नेऊन ठेव. सकाळी सगल्या संगतीच उठतान. कोन नवी, कोन जुनी, इचारनार कोन?"

तसंच केलं. सकाळी लंगडी सगळ्यांबरोबर बाहेर आली, सगळ्यांबरोबर दाणे टिपू लागली. कुणी मान वर करून पाहिलं नाही. संचिताने टाळ्या पिटल्या, आणि दशरथच्या डोक्यात त्या टाळ्या चार महिने वाजत राहिल्या.

दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा त्याने सभेपुढे बेत मांडला. सुट्टीनंतरचा पहिला दिवस म्हणजे गोंधळाचा दिवस. नवे कपडे, फराळाचे डबे, कोण कुठे बसलंय याचं भान कुणाला नाही. हेडमास्तरही बदलले आहेत. तिच्या बरोबरीची मुलं आता पाचवीत आहेत. तिने सरळ जाऊन त्यांच्यात शेवटच्या बाकावर बसायचं. नाव तर काढलेलं नाहीच. पत्र नको, विनंत्या नकोत.

"झ्याक," महिपत म्हणाला. त्याचीच युक्ती होती.

अनसूयाबाई इतकंच म्हणाल्या, "आधी एकदा ऑफिसात विचारा हो."

"विचारलं की पत्र मागणार," दशरथ म्हणाला. ते खरंच होतं.

आठ दिवस तालीम चालली. दशरथ नाव पुकारायचा आणि संचिता कोंबड्यांच्या घोळक्यात ताठ उभी राहून म्हणायची, "हजर!" कधी खणखणीत, कधी हळू, कधी बाकीच्या मुली म्हणतील तसं कंटाळून. रात्री गोळी घेतानाही ती म्हणायची, "हजर." दुर्गाने गाळ्यातून उचल घेऊन निळा फ्रॉक शिवला.

त्या दिवशी संचिता आत गेली आणि दशरथ वर्गाच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. युक्ती लागू पडली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. शेजारच्या मुलीने तर तिला "सरक ना गं," म्हटलं. दोन वर्षांत एवढं गोड वाक्य दशरथने ऐकलं नव्हतं.

मग बाईंनी हजेरीपट उघडला.

आधी मुलगे झाले, मग मुली. "ममता." "हजर." "संपदा." "हजर." नावं पुढे सरकत होती आणि दशरथ प्रत्येक नावाला मूठ आवळत होता. मग पट मिटल्याचा आवाज आला.

आणि आतून, आठ दिवस घासूनपुसून ठेवलेला आवाज आला, "हजर!"

वर्ग फुटला. हसू थांबेचना.

"कोण गं तू?"

"संचिता दशरथ शिगवण. बाई, माझं नाव राहिलं."

बाईंनी पट पुन्हा चाळला. दुष्ट नव्हत्या त्या. "बाळ, तुझं नाव यात नाहीच आहे."

तेवढ्यात एका मुलाला आठवलं. "बाई, ही ती फिटवाली!" बाक सरकले. शेजारची मुलगी उठून पळाली. आणि मग दशरथला बाक पडल्याचा आवाज आला.

तो धावत आत गेला. पोरीला कुशीवर केलं, डोक्याखाली हात घातला आणि वाट बघत बसला. भोवती गोल करून चाळीस मुलं बघत होती. निळ्या फ्रॉकवर ओल पसरत होती.

नवे हेडमास्तर मऊ बोलणारे नव्हते. दर जूनला नवा पट होतो, वर्षभर न आलेल्या मुलाचं नाव पुढे लिहीत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. "आणि आजारी मुलीला नावाशिवाय वर्गात बसवून गेलात? काही झालं असतं तर? आता पत्र आणलंत तरी मी घेणार नाही." एकोणीस वर्षं छपाईआधी खिळ्यांतल्या चुका काढलेल्या माणसाला आपली चूक छापून झाल्यावर दिसली.

संध्याकाळी महिपत आला. ऐकल्यावर म्हणाला, "लंगरीला चालला होता."

"कोंबड्या हजेरी घेत नाहीत, महिपतराव," अनसूयाबाई म्हणाल्या. एवढ्या हळू त्या कधी बोलल्या नव्हत्या. नंतर पंधरा दिवस महिपत त्या वाटेने आला नाही. आला तेव्हा टोपलीत एक पिवळं पिल्लू होतं. ते त्याने संचितापुढे ठेवलं आणि न बसता गेला.

वर्गातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला दशरथने ताट वाजवलं होतं. संचिता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रागावली नव्हती, जेवत होती, कोंबड्यांना पाणी घालत होती. फक्त पाटीला हात लावेना. आठवड्याने दुर्गाने ते ताट घासून फळीवर ठेवलं.

मग संचिताने एक नवीन काम सुरू केलं. दार लावायच्या वेळी ती खुराड्यापाशी उभी राहून हजेरी घेऊ लागली. पुढे चाळ पडेपर्यंत, चार वर्षं, हे रोज चाललं. पण पहिल्या संध्याकाळी दशरथ दगडावर बसला होता, आणि त्याला वाटलं, चला, पोर खेळायला तरी लागली.

"तांबडी." तांबडी आत गेली. "टोपीवाली." गेली. "लंगडी." लंगडी उडी मारून दांडीवर बसली. सगळ्या झाल्या. तरी संचिता थांबून होती.

"संचिता दशरथ शिगवण," ती म्हणाली.

खुराड्यात पिसं फडफडली. दशरथ दगडावरून उठला आणि हलकेच म्हणाला, "हजर."

तिने वळून पाहिलं नाही.

"बाबा, दुसऱ्याची हजेरी लावायची नसते," ती म्हणाली, आणि तिने खुराड्याची कडी घातली.