अकराव्या मजल्यावरचं नेटवर्क

बाजारात नवीन वस्तू आली की आमच्या ह्यांच्या अंगात येतं. दुसऱ्या कोणी ती आधी वापरून बघावी, तिच्या खोडी कळाव्यात, किंमत जरा खाली यावी, एवढा दम ह्यांना निघत नाही. फरशी पुसणारं यंत्र सगळ्या ओळखीपाळखीत पहिलं आमच्याकडे आलं आणि आठवडाभर पलंगाखाली अडकून केकाटत होतं. टाळी वाजवली की लागणारा दिवा आणला, तो मी शिंकले की विझायचा. माझ्या भावाने ह्यांचं नाव 'पहिलटकर' ठेवलंय. ह्यांना त्याचा राग येत नाही, हेच तर खरं दुखणं आहे.

बाकी माणूस सोन्यासारखा, हे मला भांडतानासुद्धा कबूल करावं लागतं. काम लिफ्ट दुरुस्तीचं. सत्तावीस वर्षांत शहरातल्या निम्म्या लिफ्ट ह्यांच्या हाताखालून गेल्यात. रस्त्याने जाताना माणसं दुकानं बघतात, हे इमारती बघतात. 'हिचा दोर मी बदलला.' 'ही चौथ्या मजल्यावर धक्का देते.' ऐकणाऱ्याला वाटावं, कोणा बाईबद्दल बोलतायत. आणि ह्यांची ती पिवळी पाटी! 'दुरुस्ती चालू आहे, लिफ्ट वापरू नये' आणि खाली ह्यांचा नंबर. काम चालू असताना ती काढायची नाही आणि काम नसताना लावायची नाही, हा ह्यांचा धर्म. एकदा खुद्द इमारतीचे मालक पाटीसमोर येऊन उभे राहिले, तर हे त्यांना म्हणाले, 'साहेब, जिना तिकडे आहे.'

आता सासूबाईंचं सांगते. चार वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले. कानाला लावायचं यंत्र आणलं, तर त्यातून त्यांना नुसती शिट्टी ऐकू यायची. त्यांनी ते डबीत घालून कपाटात ठेवलं आणि लोकांच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली. त्यात अशा पटाईत झाल्या की काही विचारू नका! मी खोलीच्या एका कोपऱ्यात फोनवर बहिणीला हळू आवाजात काही सांगावं, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सासूबाईंचं उत्तर यावं, 'मी काही तेवढी हट्टी नाही हं!' तेव्हापासून मला चिडायचं असलं की मी भिंतीकडे तोंड करून चिडते.

ह्यांची मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, पूर्वी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची. रोज संध्याकाळी यायची आणि दोघी दोन-दोन तास बोलायच्या. त्या बोलण्यात मला आजवर एकही मुद्दा सापडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मावशी लांबच्या मोठ्या शहरात मुलाकडे राहायला गेली. जाताना ठरलं की रोज चार वाजता व्हिडिओ कॉल करायचा. एकमेकींना लिहून पाठवत जा, असं मी सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही काय दोन कचेऱ्या आहोत का?'

आमचं घर दोन उंच इमारतींच्या बेचक्यात, तळमजल्याला. तिथे नेटवर्क येतं ते उपकार केल्यासारखं. घरी इंटरनेटची तार घेतली, तर गल्लीतली सगळी पोरं चारलाच शाळेतून येतात आणि त्या तारेचा जीव जातो. फोनवर मावशी तोंड उघडून थिजायची आणि एकदम दिसायची ती दुसरीकडेच वळलेली. पण सासूबाई तासभर मान डोलवायच्या. मधूनमधून 'हो का?' आणि 'छान झालं!' म्हणायच्या. फोन ठेवला की आम्हाला बातम्या द्यायच्या. मावशी रोज सकाळी फिरायला जाते. मावशीने खिडकीत झाडं लावलीत. आम्ही त्यावर विश्वास ठेवायचो, वर चार लोकांना सांगायचोही.

मग एक दिवस मावशीच्या सुनेचा मला फोन आला.

'ताई, रागावू नका, पण एक विचारते,' ती म्हणाली. 'आईंचा पाय मोडून पंधरा दिवस झाले. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. त्यांनी तुमच्या सासूबाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, छान झालं! तेव्हापासून आई गप्पगप्प आहेत.'

मी तडक सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. 'मावशींचा पाय मोडलाय. तुम्ही तर म्हणत होतात, रोज फिरायला जातात!'

'चेहऱ्यावरून तसं वाटलं,' त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. फार वेळ पुसत होत्या. मग म्हणाल्या, 'काही कळत नाही असं सांगितलं असतं, तर तुम्ही फोनच बंद केला असता. निदान दिसते तरी.'

जिच्याशी जन्मभर बोलत आली, तिचा एक शब्द ह्या बाईला दोन वर्षांत कळला नव्हता आणि हिने आम्हाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

हे ऐकल्यावर आमच्या ह्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी बाजारातला सगळ्यात महागडा फाइव्ह-जी फोन घेऊन आले! चकचकीत, पाठीवर तीन कॅमेरे, आणि किंमत अशी की तेवढ्यात माझा ओटा, नळ आणि कपाटं नवी झाली असती. आणि शहरात फाइव्ह-जी कुठे होतं? जाहिराती होत्या. 'लवकरच येत आहे' असं लिहिलेले मोठमोठे फलक होते. मावशीच्या शहरात ते आलं होतं, तिच्या मुलाने तिला तसला फोनही दिला होता. आमच्याकडे मात्र नुसतं 'लवकरच'.

मी भावाला बोलावून घेतलं. तो फोनच्याच दुकानात कामाला आहे, म्हणजे त्याचं तरी ऐकतील.

'दाजी, दोन वर्षं थांबायचं ना!' तो म्हणाला. 'पहिल्या खेपेचे हे फोन तापतात, बॅटरी खातात. मनोरे अजून उभे राहतायत. दोन वर्षांनी ह्याच्या निम्म्या किमतीत ह्याहून चांगला मिळेल. आता घेणं म्हणजे शुद्ध हौस.'

'तुझं सगळं बरोबर आहे,' हे म्हणाले. 'पण आई अठ्ठ्याहत्तरची आहे आणि मावशी चौऱ्याहत्तरची. त्यांना सांगू का, दोन वर्षं थांबा म्हणून?'

भाऊ फोनचे कॅमेरे मोजायला लागला. मी कशाला गप्प बसते! 'अहो, पण नेटवर्क कुठंय?'

'शोधू.'

आणि शोधायला लागले की हो! फोन खरंच तापायचा. हे त्याला ओला रुमाल गुंडाळून खिशात ठेवायचे, मग शर्टावर ओला डाग घेऊन गावभर हिंडायचे. ज्या इमारतीत कामाला जातील, तिथे मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबवून फोन वर धरायचा, खाली धरायचा आणि कामाच्या वहीत नोंद करायची. 'दाराला तेल दिलं' ह्याच्या खाली 'सहावा मजला, काही नाही. सातवा मजला, एक काडी आली, लगेच गेली.' ह्यांच्या साहेबांनी ती वही बघून विचारलं, 'लिफ्टमध्ये काड्या कोण टाकतंय?' तीन आठवडे हे चाललं. रोज चार वाजता सासूबाई जुन्या फोनसमोर बसायच्या, पण आता 'छान झालं' म्हणायची त्यांना धास्ती वाटायची. नुसत्या बघत बसायच्या. पलीकडे मावशीही फार बोलायची नाही. दहा मिनिटांत फोन संपायचा.

मग एका दुपारी हे धावत घरी आले. जेवायचंही भान नव्हतं.

'सापडलं! नव्या मनोऱ्यासमोर ती बारा मजली इमारत आहे ना, तिच्या अकराव्या मजल्यावर. समोर खिडकी आहे, खिडकीतून सरळ मनोरा. पाचही काड्या!'

'अकराव्या मजल्यावर कुठे?'

'लिफ्टच्या उंबरठ्यावर. एक पाऊल आत गेलं की जातं, एक पाऊल बाहेर आलं की जातं. बरोब्बर उंबरठ्यावर.'

'म्हणजे सासूबाईंनी लिफ्टच्या दारात बसायचं? आणि लिफ्ट कशी चालणार?'

ह्यांचा चेहरा उतरला. लिफ्ट बंद ठेवायची, तर पाटी लावायला हवी. आणि लिफ्टला तर काही झालेलं नव्हतं. संध्याकाळभर हे ती पिवळी पाटी पुसत बसले. सकाळी चहा पिताना माझ्याकडे न बघता म्हणाले, 'अकराच्या सुमाराला लोक कामावर असतात. अर्धा तास फक्त. तू स्टूल घे.'

मावशीला फोन करून वेळ कळवली. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले. मी प्लास्टिकचं स्टूल बगलेत मारलं. तळमजल्यावर ह्यांनी पाटी लावली, ती अशी इकडेतिकडे बघत की मला वाटलं, आता कोणीतरी 'चोर, चोर' म्हणून ओरडणार. आम्ही तिघं वर गेलो. ह्यांनी स्टूल उंबरठ्यावर ठेवलं, आईला त्यावर बसवलं, दार उघडं ठेवून लिफ्ट बंद केली आणि फोन लावला.

काय चित्र होतं महाराजा! इतकं स्वच्छ चित्र मी टीव्हीवरसुद्धा पाहिलेलं नाही. फक्त ते मावशीच्या कपाळाचं होतं. मावशीला फोन स्थिर धरता येत नाही, कधी चेहरा दिसतो, कधी कपाळ. एकेक आठी मोजून घ्या, एकेक केस बघा, तोंड तेवढं पडद्याच्या खाली!

'फोन खाली कर!' सासूबाई ओरडल्या.

मावशीने खाली केला, तर छताचा पंखा दिसायला लागला. 'वर कर!' पुन्हा कपाळ. तीन आठवड्यांची वणवण, एवढा पैसा, आणि हाती काय, तर कपाळ. हे भिंतीला टेकून उभे राहिले. मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात जिन्यावरून धापा ऐकू आल्या. इमारतीचे सेक्रेटरी, बाराव्या मजल्यावर राहणारे, दोन्ही हातांत भाजीच्या भरलेल्या पिशव्या, अकरा मजले चढून वर आले. स्टुलावर बसलेल्या सासूबाई, त्यांच्या हातातला फोन, उघडी लिफ्ट, सगळं त्यांनी पाहिलं. तोंड उघडलं, पण दमामुळे आवाज काही फुटेना. नुसते ओठ हलले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली. 'ह्यात हलकट काय आहे हो? मुलगा आहे तो माझा.'

सेक्रेटरींनी पिशव्या खाली ठेवल्या आणि मटकन पायरीवर बसले.

हे पुढे झाले. खोटं बोलता येत नाहीच ह्यांना. 'लिफ्ट ठणठणीत आहे, साहेब. आईला ऐकू येत नाही, ओठ बघून बोलणं कळतं तिला. आणि ओठ स्पष्ट दिसतील असं नेटवर्क अख्ख्या शहरात मला एवढ्या एकाच ठिकाणी मिळालं. पाटी मी खोटी लावली. माझ्या साहेबांकडे तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही.' सत्तावीस वर्षांचं नाव त्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात होतं. तो माणूस मात्र अजून श्वासच गोळा करत होता.

इकडे पडद्यावर मावशीची सून आली. तिने सासूच्या हातून फोन काढून घेतला आणि समोर कशाला तरी टेकवून उभा केला. पहिल्यांदाच मावशी पुरती दिसली. केस सगळे पांढरे झालेले, प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवलेला. ती आमच्याकडे बघत नव्हती, मान जराशी वळवून सुनेशी काहीतरी हळू बोलत होती. फोनमधून आम्हाला काही ऐकू आलं नाही.

सासूबाई पुढे वाकल्या. मावशीच्या ओठांबरोबर त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मग कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्या एकेक शब्द बोलू लागल्या.

'राहू दे गं, कशाला खटपट करतेस. तिला माझं काही कळत नाही. पायाचं सांगून पाहिलं, तेही नाही कळलं. दोन वर्षं मी नुसते ओठ हलवते. ती समोर बसून राहावी म्हणून.'

मावशीची मान गर्रकन वळली.

फोन घेतला ते उत्तम केलं, हे मी त्या क्षणी मनोमन कबूल केलं. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे खिडकीबाहेर मनोऱ्याकडे बघत नाक पुसत होते.

'मलाही काही कळत नव्हतं,' सासूबाई म्हणाल्या. 'मीही नुसती मान हलवत होते. तू बसून राहावीस म्हणून.'

मावशीला एकदम हसू फुटलं आणि त्यातच रडू. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

'हात काढ,' सासूबाई ओरडल्या. 'मला दिसत नाही!'

मावशीने हात काढले.

'आता पहिल्यापासून सांग. दोन वर्षांचं सगळं.'

'दोन वर्षांचं?' पायरीवरून सेक्रेटरींना अखेर आवाज फुटला. पण सासूबाई आता दुसऱ्या कोणाकडे बघतच नव्हत्या.